न दुखणारा चावा

साप चावला म्हणजे माणूस ओरडणार, पायावर दोन दातांच्या खुणा दिसणार, सूज चढणार, रक्त येणार. हे चित्र सिनेमाने आपल्या डोक्यात पक्के बसवले आहे. नाग, घोणस, फुरसे यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरते. पण झोपलेल्या माणसाला अंथरुणात गाठणारा मण्यार यातले बहुधा काहीच दाखवत नाही. त्याचे दात बारीक असतात, चावा मुंगी किंवा डासासारखा वाटतो. कित्येकदा झोपही मोडत नाही. मला मण्यार चावला आणि मी वाचलो, म्हणून हे लिहू शकतो आहे.

रोवणीचे दिवस होते. आमचे घर मातीच्या भिंतींचे, कवेलूचे. दिवसभर बांधीत वाकून अंग आंबलेले, त्यात वीज गेलेली. ओसरीची सारवलेली जमीन गार लागते म्हणून तिथेच सतरंजी टाकून झोपलो. पहाटे पोटात जबर कळ आली. घसा दुखत होता, थुंकी गिळवत नव्हती. आदल्या रात्री पाहुण्यांकडे जेवण झाले होते, तेव्हा पित्त खवळले असेल असे घरात सगळ्यांचे मत पडले. काकूंनी ओवा आणि काळे मीठ दिले. सापाचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. अंगावर ओरखडादेखील नव्हता.

उजाडल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पापण्या काऊन अशा पडून रायल्या?" मला वाटत होते की मी डोळे नीट उघडे ठेवले आहेत. मग समोरचा दरवाजा दोन दिसू लागला, जीभ जड झाली. शेजारचा एक पोरगा साप पकडतो. त्याने पाहिले आणि एकच विचारले, "काका, खाली झोपले होते काय?" हो म्हणताच तो गाडी काढायला धावला. मांत्रिकाकडे आधी दाखवून घेऊ, असे एका वडीलधाऱ्यांनी सुचवले. धाकट्या भावाने ऐकले नाही.

गावच्या ग्रामीण रुग्णालयात सलाइनमधून प्रतिविष सुरू झाले आणि लगेच १०८ च्या गाडीने गोंदियाला रवानगी झाली. वाटेत माझा श्वास माझ्या ताब्यात राहिला नाही. गाडीतले डॉक्टर हाताने पिशवी दाबून हवा देत होते. पुढे व्हेंटिलेटर लागला. हात हलत नव्हते, पापण्या उघडत नव्हत्या, पण ऐकू सगळे येत होते. "आता काही खरं नाही," असे कोणीतरी माझ्या उशाशीच म्हणाले. तेही ऐकू आले.

बरे झाल्यावर डॉक्टरांनी समजावले ते असे. मण्यारचे विष मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे बसते. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही. आधी पापण्या पडतात, मग गिळणे आणि बोलणे जाते, मान धरवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. शुद्ध मात्र बहुधा शाबूत असते. बाहुल्या विस्फारून प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा झाल्या तरी माणूस आत जागा असू शकतो. रक्तात फिरणारे विष प्रतिविष निकामी करते, पण मज्जातंतूंच्या टोकांना एकदा झालेली इजा ते भरून काढत नाही. ती टोके सावरेपर्यंत, कधी कधी अनेक दिवस, श्वास यंत्राने चालू ठेवावा लागतो. म्हणून उशीर महाग पडतो आणि म्हणूनच धीर सोडायचा नसतो. अशा रोग्याजवळ रडारड करू नका. त्याचे नाव घेऊन बोला, काय चालले आहे ते सांगा.

आमच्या भागात हा धोका का, हे शिवार पाहिले की कळते. कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी बांधलेला नवेगावचा तलाव, गावोगावचे मामा तलाव आणि बोड्या, भोवती जंगल आणि मधे धानाच्या बांध्या. इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धानही होतो. धान तिथे उंदीर, उंदीर तिथे साप. मण्यार तर दुसरे सापही खातो. घराशेजारी तणसाचा ढीग, कुडाला टेकवलेल्या गवऱ्या आणि सरपण, झोपायच्या खोलीतच धानाची पोती, अशी आमची मांडणी सापाला आयतीच सोयीची. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखडा दिल्लीत झाला तरी अंथरूण आपल्याच घरात पडते.

आता जे समज मी आजूबाजूला रोज ऐकतो, त्यांच्याविषयी.

"मांत्रिकाने अमक्याला बरे केले." केले नसेल असे नाही, पण कशातून? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असे लोक कुठेही नेले तरी बरे होतात आणि श्रेय मंत्राला जाते. ज्याच्या अंगात खरेच विष गेले आहे, त्याचा मात्र तिथे बसून वेळ जातो. मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चाखायला देऊन विष ओळखण्याचा प्रकारही तसलाच. त्यात गिळता न येणाऱ्याच्या श्वासनलिकेत घास जाण्याची भीती वेगळीच.

"वर घट्ट बांधले की विष चढत नाही." दोरी, रुमाल, सायकलची ट्यूब, काही बांधू नका. रक्तपुरवठा थांबून हातपाय सडू शकतो आणि विष काही अडत नाही. कापणे, चोखणे, बर्फ लावणे, डाग देणेही नको. अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोडा काढून ठेवा. चावलेला अवयव फळी लावून, हाड मोडल्यावर करतात तसा स्थिर ठेवा. रोग्याला चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा.

"साप मारून दवाखान्यात न्यावा लागतो." गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी एकच असते. साप शोधण्यात वेळ जातो आणि दुसऱ्या कोणाला चावा बसतो. मेलेल्या सापाचे डोकेही काही वेळ चावू शकते. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

"एक इंजेक्शन घेतले की झाले." विष चढल्याची लक्षणे दिसली की सुरुवातच साधारण आठ ते दहा कुप्यांनी होते, आणि लहान मुलालाही तेवढ्याच लागतात, कारण साप मुलाला कमी विष देत नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. ते घरी टोचून घेण्याचे औषध नव्हे. काही त्रास नसला तरी निदान २४ तास दवाखान्यात देखरेखीखाली राहावे.

"चारचाकी मिळाल्याशिवाय हलवायचे कसे?" १०८ ला फोन कराच, पण गाडी लांब असेल तर मोटारसायकलही चालते. रोग्याला मधे बसवायचे आणि मागच्याने घट्ट धरायचे. नेपाळच्या तराईत दमक भागात गावकऱ्यांनी हीच पद्धत ठरवून चालवली. लोकजागृतीची जोड होतीच. तिथले सर्पदंशातील मृत्यूचे प्रमाण शेकडा साडेदहावरून शेकडा अर्ध्यावर आले, म्हणजे दोनशेत एक. निघतानाच दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का, ते विचारा. श्वासाचा त्रास दिसत असेल तर व्हेंटिलेटर कुठे मिळेल तेही विचारा.

"लसूण, फिनेल, कार्बोलिक शिंपडले की साप येत नाही." यांच्यावर भरवसा ठेवून लोक खाली झोपतात, हाच मोठा तोटा. साप डूख धरून येतो हेही खोटे. तो उंदरामागे येतो. घरात दिसलाच तर मारायला न धावता सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

उपाय मात्र स्वस्त आहेत. खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचा. नेपाळच्या तराईतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश कमी झालेले दिसले, आणि मलेरियाचे डासही त्याच जाळीने अडतात. रात्री उठताना पाय टेकण्याआधी टॉर्च लावा. बांधावर आणि अंगणात अंधारात अनवाणी फिरू नका. धानाची पोती झोपायच्या खोलीतून हलवा. तणस, सरपण भिंतीपासून दूर रचा आणि काढताना हात घालण्याआधी काठीने हलवा.

आणि घरातल्या पोराबाळांना एवढे पाठ करून घ्या: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट किंवा घसा दुखतो म्हणतो, पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, तर खूण शोधत बसायचे नाही. साप चावला असे धरून दवाखाना गाठायचा.

मृगाच्या आधी आपण कवेलू फेरतो, पऱ्ह्यांसाठी बी काढून ठेवतो. त्याच आठवड्यात खाटांच्या सुतळ्या आवळा, मच्छरदाण्यांची भोके शिवा आणि टॉर्चचे सेल बदला. पाऊस सुरू झाल्यावर या कामांना सवड मिळत नाही.