जुनं दुखणं, कामावरचा मार

"याला आधीपासूनच कंबरेचा त्रास होता." कामावर जायबंदी झालेल्या माणसाच्या दाव्यावर पाणी फिरवायला हे एक वाक्य पुरतं. ते बहुतेक वेळा खरंही असतं, म्हणून समोरचा गप्प बसतो. माझ्या बाबतीत ते खरं होतं. तरीही मला भरपाई मिळाली. ती कुठे अडली आणि कशाने सुटली, ते सांगतो. जालन्याच्या एमआयडीसीत पट्टा बांधून, गोळी खाऊन पाळी करणारा मी काही एकटा नाही.

मी बदनापूर तालुक्यातला. शेत कोरडवाहू. तरुणपणी हंगामात मोसंबीचे कॅरेट उचलायला जायचो, पुढे सळयांच्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे लागलो. जालन्यात भंगार वितळवून बिलेट करतात आणि बिलेट तापवून, लाटून सळई काढतात. माझं काम शेवटच्या टोकाला होतं. थंड झालेल्या सळया मोजायच्या, तारेने आवळून बंडल करायचं आणि ते ट्रकवर चढवायला हात लावायचा. कंबर मधूनमधून धरायची. डॉक्टरांनी फोटो काढला, "मणक्यात गॅप आहे" म्हणाले, पट्टा दिला, गोळ्या दिल्या. कामावर खाडा मात्र पडला नव्हता.

एका रात्रपाळीला क्रेनला लावलेल्या बंडलाचं एक टोक अचानक खाली आलं. मी पहारीने ते सरळ करत होतो. पहारीला हिसका बसला, पाय तेलकट फरशीवरून सटकला आणि मी बसलो तो बसलोच. डावा पाय गुडघ्याखाली बधिर झाला. एमआरआयमध्ये गादी सरकून नस दबल्याचं निघालं आणि ऑपरेशन करावं लागलं. कंबर आता चालण्यापुरती आहे, वजन उचलण्यापुरती नाही.

दावा अडला तो पहिल्याच कागदावर. दवाखान्यात माझ्याबरोबर मुकादम आला होता. डॉक्टरांनी "काय झालं?" असं विचारलं, तेव्हा मी कण्हत होतो आणि उत्तर त्याने दिलं. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं गेलं : जुनी कंबरदुखी, मार लागल्याचा इतिहास नाही. तो कागद आमच्या घरात कोणी वाचला नाही. पुढे मालकाच्या विमा कंपनीच्या वकिलांनी सगळ्यात आधी तोच पुढे केला.

म्हणून पहिली सूचना हीच. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यानेच बोलावं, नसेल तर घरच्याने किंवा शेजारी काम करणाऱ्याने. कोणत्या ठिकाणी, कोणतं काम करताना, नेमकं काय झालं, हे केसपेपरवर लिहून घ्या. कामावरचा अपघात आहे असं सांगून एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस अशी नोंद करायला लावा. कागद इंग्रजीत असेल तर तिथल्या तिथे कोणाकडून तरी वाचून घ्या. चुकीचं लिहिलं असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मला हे जमलं नाही, पण दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी संपूर्ण हकीकत नोंदवली गेली. तो कागद नसता तर प्रकरण तिथेच संपलं असतं.

आता कायद्याचं. माझा दावा 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखाली चालला. हा कायदा दोन गोष्टी विचारतो : अपघात काम चालू असताना झाला का, आणि तो कामामुळे झाला का. कामगार आधी ठणठणीत हवा, अशी अट त्यात कुठेही नाही. माझ्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, "भिंतीला आधी तडा होता म्हणून धडक देणारा ट्रॅक्टरवाला सुटत नाही."

याचा पाया मुंबई उच्च न्यायालयाचा आहे आणि तो जुना आहे. लक्ष्मीबाई आत्माराम विरुद्ध मुंबई पोर्ट ट्रस्ट हा निवाडा 1954 साली छापून आला. कामगाराला हृदयविकार होता आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मांडलेलं तत्त्व आजही कोर्टात वाचलं जातं. माणूस केवळ आजाराच्या ओघात गेला असेल तर मालक जबाबदार नाही. पण त्यात कामाचा वाटा असेल, कामामुळे मरण लवकर ओढवलं असेल, किंवा आजार आणि काम मिळून ते घडलं असेल, तर मालकाला भरपाई द्यावी लागते. मृत्यूला लागू असलेला हा तर्क मणक्यालाही लागू होतो.

मात्र याचा अर्थ कामावर काहीही झालं की पैसे, असा नाही. शकुंतला श्रेष्टी यांच्या, 2007 मध्ये छापून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. गाडीवरचा क्लीनर हृदयविकाराने गेला होता, पण कामाच्या ताणाचा मृत्यूशी संबंध दाखवणारा पुरावा नव्हता. या दोन निवाड्यांच्या मधल्या पट्ट्यात तुमचं प्रकरण कुठे बसतं, ते पुरावा ठरवतो.

पुरावा म्हणजे काय, तर आदल्या दिवशीचा माणूस आणि दुसऱ्या दिवशीचा माणूस यांच्यातला फरक. आणि इथेच बहुतेक घरांत उलटा सल्ला मिळतो. माझे मेहुणे म्हणाले, "दाजी, जुना फोटो फाडून टाका, मणक्याचं नावच काढू नका." माझ्या वकीलबाईंनी तीच जुनी फाइल मागून घेतली.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मला विचारलं, "हा फोटो तुमचाच ना?" मी हो म्हणालो. "म्हणजे गॅप आधीच होती?" त्यालाही हो म्हणालो. लपवालपवी नसल्यामुळे पुढचा प्रश्न त्यांनाच सुचेना. मग आमच्या बाजूने जुने डॉक्टर साक्षीला आले. बाईंनी विचारलं, "तेव्हा यांना जड काम बंद करायला सांगितलं होतं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. पट्टा आणि पाच दिवसांच्या गोळ्या." "पायात बधिरपणा होता?" "नोंद नाही." हजेरीपत्रकात अपघाताच्या रात्रीपर्यंत पूर्ण पाळ्या होत्या. आजारी माणूस आणि काम करू न शकणारा माणूस यांच्यातलं अंतर त्या दोन कागदांनी दाखवलं. फाइल लपवली असती आणि ती समोरच्याने शोधून काढली असती, तर माझ्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

आता टक्क्यांचं गणित, कारण खरी घासाघीस तिथे होते. बोट तुटलं, डोळा गेला, तर किती टक्के याची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. मणका त्या यादीत नाही. मग कमाईची क्षमता किती टक्के घटली, हे डॉक्टरने ठरवायचं असतं. जालन्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शरीराचं अपंगत्व सांगतं. कमाईची घट ही वेगळी गोष्ट आहे. 1976 मध्ये छापून आलेल्या प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेल्याचं मान्य केलं. त्यामुळे डॉक्टरांना तुमचं काम नीट समजावून सांगा. किती वजन, किती वेळ उभं, किती वेळा वाकणं, हे त्यांना कळलं तरच दाखल्यात उतरतं.

एक टक्का म्हणजे किती, ते पाहा. पूर्ण कायमच्या अपंगत्वाला पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक, असा हिशोब असतो. 2020 पासून या हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जातो. वय 40 असेल तर गुणांक 184.17. म्हणजे 9,000 गुणिले 184.17, एकूण 16,57,530 रुपये. कमाईची घट 30 टक्के ठरली तर 4,97,259 रुपये आणि 15 टक्के ठरली तर त्याच्या निम्मे. माझ्या प्रकरणात समोरचे म्हणत होते की निम्मं नुकसान जुन्या आजाराचं, ते वजा करा. आम्ही म्हणत होतो की आजार होता पण त्याने माझा पगार एक रुपयानेही कमी केला नव्हता. कोर्टाने अपघाताने दुखणं वाढल्याचं मान्य केलं, टक्के मात्र आम्ही मागितले त्यापेक्षा कमी धरले. लढाई जिंकूनही काही गमवावं लागतं, याची तयारी ठेवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. आधी पगारपत्रक बघा. त्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात असेल तर दावा या कायद्याखाली नाही, ईएसआयकडे जातो. तिथे तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात आणि कायमच्या अपंगत्वाचे टक्के वैद्यकीय मंडळ ठरवतं. दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत.

ईएसआय नसेल तर मालकाला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. ठेकेदार "मिलवाल्याला विचार" म्हणतो आणि मिलवाला "तू आमचा माणूसच नाहीस" म्हणतो, तेव्हा लक्षात ठेवा : मिलच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदार नेमला असेल तर मूळ मालकही जबाबदार असतो. नोटीस दोघांनाही द्या. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मागता येतो, म्हणून औषधाच्या दुकानाची कच्ची चिठ्ठी न घेता पक्कं बिल घ्या. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं आणि कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

"हे पन्नास हजार घे आणि इथे सही कर" असा प्रसंग हमखास येतो. हक्क सोडून देणारा करार या कायद्यापुढे टिकत नाही, पण कोऱ्या कागदावरची सही निस्तरताना वर्षं जातात. तडजोड करायचीच असेल तर ती नोंदवून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, आणि महिलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. 1923 चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, त्यात धरला जातो. अपघाताची तारीख आधीची की नंतरची, हे वकिलाला पहिल्यांदा सांगा.

ज्यांना अजून काही झालेलं नाही, त्यांनी आजच करून ठेवावी अशी एक गोष्ट आहे. बीपी, शुगर, गुडघा, मणका, काहीही असलं तरी डॉक्टरांची चिठ्ठी तारखेसह जपा. पगारपत्रक, गेटपास आणि हजेरीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा. आजार असूनही तुम्ही रोज काम करत होता, हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळत नाही. तो अपघातानंतर तयार करता येत नाही.