पटावर नाव नसलेले विद्यार्थी

शिष्यवृत्ती कोणास मिळावी असे कोणी विचारले, तर आपण एकमुखाने म्हणू, "हुशार व गरजू विद्यार्थ्यास." परंतु विद्यार्थी म्हणावे कोणास? ज्याचे नाव शाळेच्या पटावर आहे, त्यालाच काय? या प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

इ. स. १८५८ मध्ये गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या आपल्या कर्नाटकातच, एका कन्येचा जन्म झाला. तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या मातेने आपल्या मुलीस. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत हिंडताना या मुलीचे अध्ययन झाले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या तिला अर्पण केल्या. याच पंडिता रमाबाई होत. परीक्षकांनी तिची विद्या पाहिली. शाळेचा दाखला मागितला नाही.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये पदके मिळविली. परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे तिला आपल्या आयआयटीचे दार बंद होते. २०१६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने तिला प्रवेश दिला.

शिष्यवृत्तीचीही गोष्ट अशीच आहे. आठवीच्या परीक्षेवरून वर्षाला १२,००० रुपये देणारी केंद्र सरकारची योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची केंद्रीय शिष्यवृत्ती बारावीच्या मंडळाच्या गुणांवर ठरते. घरी शिकणाऱ्यास परीक्षेची वाट मोकळी आहे; १९८९ साली स्थापन झालेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय ती दाखविते. तथापि ज्याच्यापाशी असे प्रमाणपत्र नाही, त्याची गुणवत्ता तपासण्याची तरतूद या योजनांत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, घरी दिलेल्या गुणांवर विश्वास कसा ठेवावा? अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने यावर तोड काढली आहे. तेथे १९९३ साली सुरू झालेली 'होप' शिष्यवृत्ती घरी शिकलेल्यांनाही मिळू शकते. त्यासाठी प्रवेश-परीक्षेत उच्च गुण मिळवावे लागतात, अथवा महाविद्यालयातील आरंभीचा अभ्यास चांगल्या गुणांनी पुरा करून दाखवावा लागतो. अर्थात घरच्या गुणपत्रिकेवर विसंबण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशी सवलत दिल्यास काही पालक मुलींना शाळेतून काढून घरकामास जुंपतील व वर 'घरी शिकवितो' असे म्हणतील. ही भीती निराधार नाही. म्हणूनच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत घालण्याचे पालकांचे कर्तव्य २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सांगितले आहे, व ते तसेच राहिले पाहिजे. परंतु त्याच कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क मिळाला. ज्याचे घरी शिकणे कायद्याने मान्य केले, त्याची योग्यता शिष्यवृत्तीच्या वेळी अमान्य का व्हावी?

आमचे मत असे की, महाविद्यालयीन शिष्यवृत्तीसाठी राज्याने एक सार्वजनिक परीक्षा ठेवावी, आणि ती पटावर नाव नसलेल्यांनाही देता यावी. कसोटी सर्वांना एकच असावी. कोणालाही गुणांत सूट नको.

हुबळी-धारवाड ही विद्येची नगरी म्हणून ओळखली जाते. कर्नाटक कॉलेज येथे १९१७ पासून उभे आहे. त्या दारापर्यंत पोहोचू न शकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याच गल्लीत आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे घरी बसून शिकत असेल. कायदे बदलण्यास वेळ लागेल. परंतु आपली वही त्याला वाचावयास देणे आणि मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची माहिती त्याच्या घरी पोहोचविणे, एवढे तर आपण आजच करू शकतो.