प्रार्थनेचा हातपंपाशी काय संबंध?

असोद्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "आमच्या गल्लीत आशाताई घरोघर फिरतात. त्यांच्या प्रशिक्षणात जामखेडच्या आरोळे डॉक्टरांचं नाव निघालं. हे काम त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेतून उभं केलं, असंही कोणी सांगितलं. मला प्रश्न पडला, की श्रद्धेचा आणि लसीचा, हातपंपाचा संबंध काय? श्रद्धावान माणूस प्रार्थनेने आजार बरा करू पाहणार ना? की हे सगळं धर्मांतरासाठीच असतं? आणि आमच्या भजनी मंडळाला यातून काही घेता येईल का?"

ताई, तुम्ही एका पत्रात चार प्रश्न विचारलेत. सोपा आधी घेऊ.

ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे औषधाला नकार, ही समजूत खरी नाही. बायबलमधलं एक शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे, तो लूक परंपरेने वैद्यच मानला जातो. वेंगुर्ल्याच्या जुन्या मिशन दवाखान्याला त्याचंच नाव आहे. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शस्त्रक्रियेचं केंद्र उभं केलं आणि दूरदूरचे रोगी तिथे येऊ लागले. प्रार्थना होत असे आणि टाकेही घातले जात. त्या मंडळींना यात विसंगती वाटली नाही.

पण दवाखाना ही एक गोष्ट आणि गावाचं आरोग्य ही दुसरी. हा फरक असोद्याला वेगळा सांगायला नको. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. त्या सासरी जळगावात असताना तिथे प्लेगची साथ आली आणि त्यांच्या मुलाला, ओंकारला, कायमचं अपंगत्व आलं. साथ उंबरा बघून थांबत नाही. एका घराने कितीही काळजी घेतली, तरी शेजारचं पाणी आणि पलीकडच्या गल्लीतले उंदीर त्या घरापर्यंत पोचतातच. म्हणून एकेका रोग्याला बरं करून गाव निरोगी होत नाही.

नेमका हाच अनुभव डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना आला. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० साली लग्न करतानाच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं होतं. नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काम केलं. हगवणीने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं, तेच गढूळ पाणी प्यायचं आणि पुन्हा दारात यायचं. आजाराचं मूळ घरात, पाण्यात, उपासमारीत होतं आणि डॉक्टर मात्र दवाखान्यात बसलेले. मग दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शास्त्र शिकले आणि १९७० साली जामखेडला आले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. लस कशी द्यावी, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी किती पाजावं हे श्रद्धा सांगत नाही, ते शास्त्र सांगतं. पण सुरुवात कोणाच्या दारापासून करायची, हे शास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. श्रद्धेचं काम तिथे आहे. येशूच्या गोष्टींमध्ये पुन्हा पुन्हा पुढे येतो तो महारोगी, परकी बाई, आंधळा भिकारी, म्हणजे गावाने ज्यांना मोजलंच नाही ते. हे मनावर घेतलेला डॉक्टर गावात गेला की पाटलाच्या वाड्याआधी वेशीबाहेर बघतो.

जामखेडला दुष्काळाच्या दिवसांत बोअर घेतले, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं आरोळ्यांनी पाहिलं. पाणी हवं तर सगळ्यांनी तिथेच यायचं. स्वच्छ पाण्याने हगवण कमी झाली, हा आरोग्याचा हिशेब झाला. त्याच पंपावर घागरी एका रांगेत लागल्या, ही श्रद्धेची निवड होती. मला या साऱ्या कामातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

दुसरी निवड माणसांची. खेड्यात राहायला परिचारिका तयार होईनात. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला एकत्र जेवत, एकत्र शिकत आणि गावी परतून बाळंतपण, लसीकरण, मुलांचं वजन, महारोगाचे चट्टे ओळखणं हे सगळं सांभाळत. कामाच्या सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा विसाच्या आसपास आला. त्यांच्यातल्या एकीने वॉशिंग्टनच्या परिषदेत सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून सांगितलं होतं, की मोठे डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर पण महाग. आम्ही पणती आहोत, पण पणतीवरून दुसरी पणती लावता येते.

हा प्रकाश दूरवर गेला. जागतिक चर्च परिषदेच्या जिनिव्हातल्या वैद्यकीय आयोगाने जामखेडसारखे प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेपुढे ठेवले. १९७८ साली अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या विचारात या प्रयोगांचा वाटा होता. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारतात २००५ साली तुमच्या आशाताईंची योजना आली, तिच्या पूर्वजांमध्येही जामखेड आहे.

धर्मांतराची शंका अनेकांना असते, म्हणून सरळ सांगतो. जुन्या मिशनऱ्यांना आपला धर्म सांगायचा होता, हे त्यांनी लपवलं नाही. पण उपचारासाठी धर्माची अट घालणं हे ख्रिस्ताच्या शिकवणीतच बसत नाही. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोनीची, म्हणजे परक्या समाजातल्या माणसाची, गोष्ट घ्या. वाटेत लुटलेल्या, अर्धमेल्या माणसाला तो शोमरोनी उचलतो. त्याची जात, त्याचं दैवत विचारत नाही. या गोष्टीचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. तो जखमीला धर्मशाळेत ठेवतो, मालकाला पैसे देतो आणि परत येताना उरलेला खर्च भागवीन असं कबूल करतो. आरोग्याच्या कामात याला आपण पाठपुरावा म्हणतो. पहिल्या दिवशी धावणारे पुष्कळ असतात, परत येणारे थोडे. आपल्या खानदेशातही नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचा ख्रिश्चन दवाखाना १९४०च्या दशकापासून आदिवासी पाड्यांच्या सोबतीला आहे, हा त्या परत येण्याचाच प्रकार.

राहिलं तुमचं भजनी मंडळ. बायबलमध्ये एका लुळ्या माणसाचे चार सोबती छप्पर उचकटून त्याला खाटेसकट येशूपुढे उतरवतात. त्यांच्यापैकी कोणी वैद्य नव्हता. त्यांनी फक्त खाट धरली. तुमच्या मंडळाला धरता येईल अशी एक खाट क्षयाच्या रोग्याची. त्याला सहसा सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण अंगात ताकद नसली आणि शेजारी तोंड फिरवू लागले की रोगी मध्येच सोडतो. २०२२पासून निक्षय मित्र योजनेत कोणतंही मंडळ, चर्च, मंदिर, मशीद किंवा एकटा माणूसही अशा रोग्याच्या पोषक आहाराची जबाबदारी घेऊ शकतो, रोग्याची संमती असली म्हणजे झालं. गावाची आरोग्य आणि पोषण समितीही असते. तिची बैठक कधी होते ते ग्रामपंचायतीत विचारा आणि मंडळातल्या दोघीतिघी जाऊन बसा.

त्याआधी एक करा. आशाताई पुढच्या वेळी आल्या की त्यांना चहा द्या आणि विचारा, गावातलं कोणतं घर तुम्हाला अजून दार उघडत नाही? नाव बाहेर जाऊ देऊ नका. त्या तयार असतील तर पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत चालत जा.