बँकेतला वकील काय पाहतो?

कर्जासाठी अर्ज केला की आपली गाठ मॅनेजरशी पडते. कागद मात्र अडतात ते आतल्या कायदा विभागात. तिथला विधी अधिकारी कायद्याचा पदवीधर असला तरी बँकेचा पगारी नोकर असतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला सर्वसाधारणपणे वकिली करता येत नाही. म्हणून कोर्टात बँकेतर्फे बहुधा पॅनेलवरचा बाहेरचा वकील उभा राहतो. आतल्याचे काम तंटा होण्याआधीचे असते.

तो सर्वांत आधी मालकी पाहतो, आणि आपल्या व्यापारी बांधवांचे घोडे नेमके इथेच पेंड खाते. वडील वारले, दुकान थोरला मुलगा चालवतो, वीजबिलही त्याच्याच नावावर. पण शरीअतप्रमाणे त्या दुकानात आई आणि बहिणी यांचाही हिस्सा आहे. एकट्या भावाने गहाण दिले तर ते त्याच्या हिश्श्यापुरतेच टिकते. विधी अधिकारी सर्व वारसांच्या सह्या मागतो, त्याचा आपल्याला राग येतो. आमच्या मते तो राग चुकीचा आहे. बहिणींचा हिस्सा आपणच आधी लिहून ठेवायला हवा होता.

हिब्याचेही तसेच. मुसलमानांचा तोंडी हिबा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ मुळे नोंदणीशिवायही वैध ठरतो. पण देणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्हींचा पुरावा लागतो. प्रॉपर्टी कार्डावर नोंदच नसेल तर अधिकारी कशाच्या आधारे शेरा देणार?

दुसरे, जामीन. मित्राखातर केलेली सही ही नुसती ओळख नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

दोन-अडीच वर्षांनी बँक बाकी मान्य असल्याच्या पत्रावर सही मागते. तीही विधी अधिकाऱ्याचीच आठवण असते. मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली की दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. सही करण्यापूर्वी आकडा आपल्या वहीशी ताडून पाहा.

हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. पुढे बँकेने ताबा घेतला तर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येते. आपले लोक नोटीस गल्ल्यात टाकून देतात आणि हरकतीची संधी हातची जाते.

कर्ज फिटले की मूळ कागद मागून घ्या. व्यक्तिगत कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची मुदत घातली आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दररोज ५,००० रुपये भरपाई मिळते. धंद्याच्या कर्जाला हा नियम लागेलच असे नाही. म्हणून कागद देताना त्यांची यादी करून तिच्यावर बँकेची पोच घ्यावी.