परसातला कढीपत्ता : ताटातले पानही खावे

कढीपत्ता हे लिंबाच्या कुळातले, मूळ भारतीय उपखंडातले सुगंधी झुडूप आहे. त्याला भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा लागतो. उर्से गावात आणि एकूणच मावळ तालुक्यात पावसाळ्यातली सततची ओल ही त्याची मुख्य अडचण असते. जमिनीत लावायचे असल्यास उंचवट्यावर लावावे. कुंडी 12 ते 14 इंचांची, तळाला भोके असलेली घ्यावी. माती, शेणखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण भरावे.

मोठ्या झाडाच्या मुळांतून फुटलेला फुटवा मुळासकट काढून लावणे सर्वांत सोपे. बी पेरायचे तर पिकलेल्या काळ्या फळाचा गर काढून ताजेच पेरावे, कारण जुने बी उगवत नाही. बिया खाण्यासाठी नाहीत, म्हणून लहान मुलांना त्यांपासून दूर ठेवावे. शेंडा खुडत राहिल्यास झाड डेरेदार होते. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करावे. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या पाने फस्त करतात. त्या हाताने वेचाव्यात, फवारणी टाळावी. बाजारातल्या पानांवर कीटकनाशकांचे अंश राहण्याची शक्यता असते. घरच्या न फवारलेल्या पानांवर ते नसतात, हा घरच्या झाडाचा मोठा फायदा आहे.

100 ग्रॅम ताज्या पानांत सुमारे 650 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र फोडणीतली वीसेक पाने जेमतेम दोन ग्रॅम भरतात, त्यातून 13 मिलिग्रॅमच मिळते. प्रौढाची रोजची गरज 1000 मिलिग्रॅमची आहे. पोह्यांतली पाने ताटाच्या कडेला काढून ठेवली, तर तेवढेही पोटात जात नाही. म्हणून पाने बारीक चिरून पिठल्यात घालावीत, किंवा थोड्या तेलात कुरकुरीत परतून सुके खोबरे, तीळ, लसूण व लाल मिरचीसह चटणी करावी. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी चटणीत मीठ बेताने घालावे. धुतलेली पाने फोडणीत टाकण्यापूर्वी कोरडी करावीत, नाहीतर तापलेले तेल अंगावर उडते.

रिकाम्या पोटी पाने चावल्याने मधुमेह बरा होतो, असे सर्रास सांगितले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तातली साखर उतरलेली दिसली आहे, पण माणसांबाबत भक्कम पुरावा नाही. जेवणातला कढीपत्ता मधुमेहींना चालतो. त्याचा रस किंवा चूर्ण नियमित घ्यायचे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि चालू गोळ्या स्वतःहून कधीही बंद करू नयेत.