शिंगणापूरची लाखी

नाणी जमवणाऱ्यांच्या बोलीत ‘लाखी’ म्हणजे दोन्ही अंगांना एकच चित्र असलेलं नाणं: एकीकडे उठावाचं, दुसरीकडे खोल आणि आरशातल्यासारखं उलटं. टांकसाळीत छापलेलं नाणं कधीतरी ठशालाच चिकटून राहतं. पुढची चकती येते आणि तिच्यावर ठशाऐवजी त्या अडकलेल्या नाण्याचाच शिक्का बसतो. प्रस्तुत लेखक अशा लाखीसाठी बरीच वर्षं झुरत होता. ती त्याला शनिशिंगणापुरात मिळाली, असं त्याला वाटलं.

शनिवार होता. चौथऱ्यावर तेलाची धार, बाहेर गर्दी. रस्त्याकडेला एकाने कापडावर घोड्याच्या नालेच्या अंगठ्या मांडल्या होत्या आणि शेजारी जुनी चिल्लर. तीत सिंहमुद्रेची, स्टेनलेस स्टीलच्या एक रुपयाची लाखी. काळपट, तेलाने माखलेली. “काका, पुसू नका, महाराजांचं तेल आहे.” सांगितले आठशे, ठरले पाचशे. खिशात भिंग होतं, पण ज्या गावात घरांना परंपरेने दारं नसतात, जिथे 2011 मध्ये युको बँकेनेही बिनकुलुपाची शाखा उघडली, तिथे भिंग काढायची त्याला लाज वाटली.

घरी साबणाच्या पाण्यात बुडवताच सगळं उघडं पडलं. उलट्या सिंहांच्या खाचांमधून मूळचा ‘1’ आणि बाजूची कणसं पुसट डोकावत होती. म्हणजे हे आधी पूर्ण छापलेलं नाणं. नंतर कुणीतरी त्यावर दुसरं नाणं ठेवून शिकंजात आवळलेलं. पलीकडच्या सिंहांची नाकं चेपलेली होती. खऱ्या लाखीच्या खोलगट बाजूखाली दुसरं चित्र नसतं, कारण तिथे कोरी चकती होती. आणि उठावाची बाजू ठशाने घडवलेली असल्याने सहसा खणखणीत असते. वजनकाट्याचा इथे उपयोग नाही. दाबल्याने धातू हलतो, घटत नाही.

तेव्हापासून लेखक आधी एकच विचारतो: हे यंत्रात घडू शकतं का? ठशाला तडा गेला तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठावाची येते. किल्ल्यांनी पडलेला ओरखडा खोल असतो. नख फिरवलं तरी बरेचदा कळतं. शिंगणापूरच्याच वाटेवर रसवंतीत मोड म्हणून परत आलेल्या दोन रुपयांवर अशी उठावाची बारीक रेघ निघाली. ती फुकट मिळाली.

ठशात वंगण साचलं की एखादं अक्षर गायब होतं, पण भोवतीचा भाग आणि कड तशीच ताजी राहते. झिजलेल्या नाण्यात मात्र आधी उंच भाग बसतात आणि हळूहळू सगळंच मवाळ होतं.

कडेचा घास सर्वांत फसवा. चकत्या कापताना पत्रा नीट सरकला नाही, तर चंद्रकोरीएवढा तुकडा कमी पडतो. अशा चकतीची कड उठवताना घासाच्या बरोबर समोर पुरेसा दाब बसत नाही, म्हणून तिथली कडही बहुधा अशक्त येते. कानशीने कोरलेल्या नाण्याची समोरची कड धडधाकट असते. दहा रुपयांचा मधला गोळा पाडून ‘पोकळ नाणं’ विकणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

नवख्याने फिरलेल्या ठशापासून सुरुवात करावी. आपल्या आजच्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने सरळ असतात. नाणं वरखाली चिमटीत धरून पान उलटावं तसं फिरवायचं. मागचं चित्र बरंच तिरकं किंवा उलटं आलं तर थांबायचं. हातोड्याने हे जमत नाही. मात्र अशा नाण्याला लाखो रुपये देणारा फोन आला आणि त्याने आधी ‘शुल्क’ मागितलं, तर फोन ठेवावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या नावाने चालणाऱ्या याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं.

पुढच्या शनी अमावास्येला लेखक पुन्हा शिंगणापूरला गेला, भिंग हातात घेऊन. त्याच कापडावर, त्याच अंगठ्यांशेजारी, तेल लावलेल्या तीन लाख्या ओळीने मांडल्या होत्या.