सोसायटीच्या हिशेबावर नजर कोणाची?

प्रश्न : आमच्या गावची विकास सोसायटी जिल्हा बँकेकडून पैसे उचलते आणि आम्हाला भातासाठी पीककर्ज देते. वार्षिक सभेत अहवाल वाटतात, ‘मंजूर, मंजूर’ होतं, चहा घेऊन माणसं घरी जातात. या हिशेबावर सरकारची नजर असते का? रिझर्व्ह बँक सोसायटी तपासते का?
– एक सभासद, मुळशी तालुका

उत्तर : सरकारची नजर असते, रिझर्व्ह बँकेची नसते. 1 मार्च 1966 पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण गावपातळीवरच्या प्राथमिक कृषी पतसंस्था त्यातून बाहेर ठेवल्या गेल्या. तुमची विकास सोसायटी त्यांतलीच. याचा एक रोकडा परिणाम आधी सांगतो. जिल्हा बँकेतल्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. सोसायटीत ठेवलेल्या पैशाला ते नाही.

जिल्हा बँकेला मालक दोन. परवाना रिझर्व्ह बँकेचा, तपासणी नाबार्डची, तर नोंदणी राज्याच्या सहकार खात्याकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तसं इथे कधीकधी देखरेखीचं होतं. तरी वेळ आली की दणका बसतो. मे 2011 मध्ये जिल्हा बँकांची शिखर असलेल्या महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. त्या मंडळात तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीतलेच वजनदार नेते होते. सहकारातली मूळ अडचण हीच, की ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच पुष्कळदा नजर ठेवणाऱ्यांचे वरिष्ठ असतात.

सोसायटीवर मात्र अधिकार चालतो तो सहकार खात्याच्या निबंधकाचा. 1875 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सावकाराला पर्याय म्हणून पुढे 1904 च्या कायद्याने पतसंस्था आल्या आणि त्यांच्याबरोबरच निबंधकही आला. आज 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली तालुका, जिल्हा अशी उतरंड आहे आणि तिच्या माथ्यावरचे सहकार आयुक्त पुण्यातच बसतात. मुळशीकराला चांदणी चौक ओलांडला की राज्याचं सहकार खातं हाताशी! पण शेतकऱ्याला निबंधकाचं कार्यालय ठाऊक असतं ते कलम 101 च्या वसुली दाखल्यामुळे. तिथेच सोसायटीविरुद्धही दाद मागता येते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

खात्याचं मुख्य हत्यार म्हणजे लेखापरीक्षण. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ते व्हावं लागतं. पूर्वी सरकारी लेखापरीक्षक येत; 2013 च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या नामतालिकेतला लेखापरीक्षक वार्षिक सभाच निवडते. तुम्ही ‘मंजूर’ म्हणता त्यात तोही ठराव असतो, आणि ते नाव बहुधा आधीच ठरलेलं असतं.

आता अहवाल हातात घ्या. नफ्याचा आकडा सोडा, ‘अनिष्ट तफावत’ कुठे आहे ते शोधा. सोसायटी जिल्हा बँकेला किती देणं लागते आणि सभासद सोसायटीला किती देणं लागतात, हे दोन आकडे शेजारी मांडा. समजा बँकेचं येणं 1 कोटी आहे आणि सभासदांकडचं येणं 85 लाख. मग मधले 15 लाख गेले कुठे? सभासदाने भरलेली रक्कम बँकेत न जाता पगार, खर्च, जुने तोटे यांत मुरली, किंवा कोणाच्या तरी खिशात गेली. पहिला प्रकार ढिसाळपणाचा, दुसरा अपहाराचा. ताळेबंदात दोन्ही सारखेच दिसतात. अपहार आढळला तर लेखापरीक्षकाने विशेष अहवाल देऊन गुन्हा दाखल करायचा असतो. नुसती तफावत मात्र वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते.

दुसरी गोम मार्चअखेरीची. हातउसने पैसे आणून कर्ज भरायचं आणि लगेच पुन्हा उचलायचं, म्हणजे ‘नवं-जुनं’. वसुली कागदावर झकास दिसते, व्याजसवलत मिळते, तपासनीसही खूश. शेतकऱ्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. सवलत मुदतीला बांधलेली आहे. पण अशा वसुलीवरून संस्थेची तब्येत जोखणारी तपासणी अपुरीच म्हणायची.

म्हणून सरकारी नजर आहे, पण ती कागदावरून फिरते. कागदावरचा आकडा खरा की खोटा, हे सभासदालाच अधिक ठाऊक असतं. कलम 32 प्रमाणे लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी कार्यालयात बसून फुकट पाहता येतात. लेखापरीक्षणात निघालेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल निबंधकांकडे गेला का, तेही विचारा. एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर कलम 83 खाली निबंधक चौकशी लावू शकतात. सोसायटीला माहिती अधिकार सहसा लागू होत नाही, पण निबंधकांच्या कार्यालयाला होतो. सचिवांनी कागद दाखवायला टाळाटाळ केली, तर तिथे अर्ज करा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. अनिष्ट तफावतीचे ते दोन आकडे त्याआधी लेखी मागा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय सोसायटीच्या कार्यालयातून निघू नका.